टन नको, माणसं सांगा

"बोट केवढी आहे?" हे घरातल्या प्रत्येकाने विचारलं. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, एवढंच विचारलं, "माणसं किती?"

भाऊजी न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉलवर होते. पुढच्या हिवाळ्यात आम्ही सगळ्यांनी अमेरिकेला यायचं आणि मायामीहून सात रात्रींची क्रूझ करायची, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. ते दोघं, आम्ही दोघं, आमची दोन मुलं आणि आई, असे सात जण. जहाज 'आयकॉन ऑफ द सीज'. फिनलंडमधल्या तुर्कू शहरातल्या गोदीत बांधलेलं आणि २७ जानेवारी २०२४ ला मायामीहून पहिल्या सफरीवर निघालेलं. भाऊजी उत्साहाने आकडे सांगत होते. लांबी ३६५ मीटर, मजले २०, वजन २,४८,६६३ टन. मुलगा प्रत्येक आकडा वहीत उतरवून घेत होता. आईंनी पुन्हा विचारलं, "अरे, पण माणसं किती?"

आईंचं माहेर रेवसच्या बाजूचं. १७ जुलै १९४७ ला, स्वातंत्र्य महिन्यावर आलं असताना, सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ वादळी लाटेत कलंडली. आषाढ अमावास्येला घरी निघालेली माणसं होती ती. बोट जेमतेम १७९ फूट, म्हणजे पंचावन्न मीटर लांब. सहाशेंहून अधिक माणसं गेली. नेमकी किती, हे आजही छातीठोकपणे सांगता येत नाही, कारण आत नेमके किती जण होते याचाच हिशोब पक्का नाही. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती, त्यामुळे मुंबईला बातमी कळायलाही कित्येक तास गेले. आईंच्या घरातले तिघे त्या बोटीत होते. एक जण पोहत आला. आई तेव्हा जन्मल्याही नव्हत्या, पण त्या घरात दर आषाढात हा आकडा पुन्हा मोजला जायचा. तिघे गेले, एक आला.

म्हणून बोटीचा विषय निघाला की आई आधी माणसं मोजतात. त्यांचा प्रश्न किती अचूक होता, हे मला पुढचे काही महिने वाचता वाचता आणि मग त्या आठ दिवसांत कळत गेलं.

सुरुवात टनापासूनच करते, कारण तिथेच सगळ्यांची गफलत होते. भाऊजी 'वजन' म्हणाले ते वजन नव्हतंच. प्रवासी जहाजाचा 'ग्रॉस टन' हे आकारमानाचं माप आहे. जुन्या काळी युरोपात जहाजात दारूची पिंपं किती मावतात यावरून कर ठरायचा. त्या पिंपाचं नाव 'टन'. पुढे शंभर घनफूट जागा म्हणजे एक टन असा हिशोब बसला. चाळीतली दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली घ्या, ती झाली दहा टन. आताचं सूत्र थोडं गुंतागुंतीचं आहे. जहाजाच्या बंदिस्त जागेचे घनमीटर घ्यायचे आणि त्यांना एका गुणकाने गुणायचं. हा गुणक जहाजाच्या आकाराबरोबर हळूहळू वाढतो. मुलाने आणि मी ते सूत्र उलटं सोडवलं. २,४८,६६३ टन म्हणजे साधारण ७ लाख ८० हजार घनमीटर बंदिस्त जागा. दहा बाय दहाच्या सुमारे साडेसत्तावीस हजार खोल्या. पाण्यावर तरंगणाऱ्या.

तुलनेला 'टायटॅनिक' घ्या, ती ४६,३२८ टनांची होती. मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपकडे जाणारी 'एम्प्रेस', जी आपल्याकडच्या हजारो कुटुंबांची पहिली क्रूझ ठरली, ती ४८,५६३ टनांची, म्हणजे साधारण टायटॅनिकएवढीच. आमचं जहाज त्यांच्या पाचपट. 'रामदास' चारशे टनांच्या आसपासची होती. सहाशे रामदास एकत्र केल्या तर एक आयकॉन. हे मी आईंना सांगितलं नाही.

लांबीचं सांगायचं तर पंधरा डब्यांची लोकलसुद्धा या जहाजाच्या बाजूला उभी केली तर कमी पडेल. आयफेल टॉवर शेजारी आडवा ठेवला तर तोही पस्तीस मीटरने आखूड. रुंदी पाण्याच्या रेषेवर साडेअठ्ठेचाळीस मीटर. लांबी-रुंदीचा गुणाकार केला तर पायाखालची जागा सव्वाचार-साडेचार एकर भरते. आईंच्या माहेरची नारळी-पोफळीची वाडी एवढीच आहे. त्या वाडीत पाच माणसांचं कुटुंब राहतं. इथे तेवढ्याच जागेत प्रवासी जास्तीत जास्त ७,६०० आणि कर्मचारी २,३५०. एकूण ९,९५०. हे आईंच्या प्रश्नाचं उत्तर. माथेरानची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या साडेचार हजारही नाही. म्हणजे दोन माथेरान एका वाडीत, एकावर एक रचलेली.

ऐकून आई म्हणाल्या, "मग ती तरंगते कशी?"

या प्रश्नावर मुलीने आणि मी दोन रात्री काढल्या. हिमनगाचा नऊ-दशांश भाग पाण्याखाली असतो. जहाजाचं बरोब्बर उलट. या एवढ्या डोंगराचा पाण्यात बुडालेला भाग जेमतेम सव्वानऊ मीटर खोल आहे. तीन मजली घराएवढा. लांबी, रुंदी आणि ही खोली यांचा गुणाकार केला तर खोका येतो एक लाख चौसष्ट हजार घनमीटरांचा. जहाजाचा तळ टोकांकडे निमुळता असल्यामुळे खरा आकडा त्याहून बराच कमी. म्हणजे रुपयातले वीस पैसेसुद्धा पाण्याखाली नाहीत, उरलेलं सगळं वर हवेत. ते शक्य होतं, कारण त्या साडेसत्तावीस हजार खोल्यांमध्ये बहुतेक हवाच आहे. आणि ते कलंडत नाही, कारण इंजिनं, इंधन आणि पाण्याच्या टाक्या असं सगळं जड सामान तळाशी ठेवलेलं असतं आणि वरच्या मजल्यांना शक्य तितकं हलकं सामान वापरलेलं असतं. बुडाशी वजन असलेली बाहुली कितीही ढकला, पुन्हा उभी राहते. शिवाय पाण्याखाली दोन्ही अंगांना माशासारखे पंख असतात. लाट जहाजाला एका बाजूला ढकलते तेव्हा ते पंख कोन बदलून उलटा जोर लावतात.

आईंनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तरंगते ते कळलं. नाही तरंगली तर?"

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण सगळ्यात महत्त्वाचे आकडे इथे आहेत. १९१२ साली टायटॅनिकवर साधारण २,२२४ माणसं होती आणि वीस जीवरक्षक नौकांमध्ये मिळून जागा १,१७८. शंभरातल्या त्रेपन्न माणसांपुरती. याचा अर्थ कंपनीने कायदा मोडला होता, असं आपल्याला वाटतं. तसं नव्हतं. ब्रिटनच्या नियमात नौकांची संख्या जहाजाच्या टनांवरून ठरायची आणि तो तक्ता दहा हजार टनांपाशी संपत होता. त्यावरच्या प्रत्येक जहाजाला सोळा नौका पुरेत. टायटॅनिक त्या तक्त्याच्या साडेचारपटीहून मोठी होती आणि नियमापेक्षा चार नौका जास्त घेऊन निघाली होती. कायद्याने टन मोजले होते. माणसं मोजली नव्हती. सुमारे पंधराशे जीव गेले तेव्हा जगाने तेच विचारलं, जे आईंनी पहिल्याच फोनवर विचारलं होतं.

त्यातून १९१४ साली समुद्रावरच्या जीवसुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. आज त्याचं नाव 'सोलास'. लांबच्या समुद्रसफरीच्या प्रवासी जहाजावर आता नौका आणि तराफे मिळून माणसांच्या सव्वापट जागा लागते. शंभर माणसं असतील तर एकशे पंचवीस जणांची सोय. पंचवीस जास्तीच्या, कारण एखादी नौका पाण्यात उतरवता आली नाही तर? जहाज सोडण्याचा हुकूम झाला की सगळे जमल्यानंतर तीस मिनिटांत सगळ्या नौका पाण्यात उतरवता आल्या पाहिजेत. प्रवासी संख्येच्या किमान दहा टक्के लाइफ जॅकेट लहान मुलांच्या मापाची हवीत, आणि त्याहून जास्त मुलं असतील तर प्रत्येक मुलाला एक. आमच्या जहाजाच्या भरल्या संख्येला हा आकडा निघतो ७६०. कोणीतरी बसून मुलांच्या अंगाची मापं मोजली आहेत, या एका गोष्टीने माझी अर्धी धास्ती गेली.

उरलेली अर्धी १३ जानेवारी २०१२ या तारखेची होती. त्या रात्री इटलीच्या किनाऱ्यावर 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आपटली. ४,२२९ माणसांतली ३२ गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची आणीबाणीची कवायत अजून झालीच नव्हती. तेव्हाच्या नियमात ती चोवीस तासांत घ्यायची मुभा होती. जहाज त्याआधीच आडवं झालं. २०१५ पासून नियम बदलला आणि कवायत निघण्याआधी किंवा निघता निघता घेणं बंधनकारक झालं. समुद्रावरच्या सुरक्षेचा प्रत्येक नियम असा कुणाच्या तरी मरणावर उभा आहे. रामदासमधली माणसंही त्यात आहेत, असं मी मानते.

बाकीच्या काळज्या साध्या होत्या. 'बोट लागेल' ही पहिली. आईंनी आलेपाक करून घेतला, मी गोळ्या घेतल्या आणि भाऊजींनी खोल्या मधल्या भागातल्या, खालच्या मजल्यावरच्या निवडल्या, कारण डोलणं तिथे सगळ्यात कमी जाणवतं. व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच हवा, कारण जहाज अमेरिकेबाहेर जाऊन परत येतं. साथीच्या आजारांची भीती मला जास्त होती. दहा हजार माणसं, तीच दारं, तेच चमचे. अमेरिकेची आरोग्य यंत्रणा १९७० च्या दशकापासून या जहाजांची तपासणी करते. अमेरिकी बंदरांत येणाऱ्या परदेशी सफरींच्या जहाजांवर तपासनीस न सांगता चढतात. शंभरपैकी गुण देतात. ८६ च्या खाली आलं की नापास, आणि निकाल सगळ्यांना पाहायला खुला. तीन टक्के प्रवाशांना किंवा कर्मचाऱ्यांना उलट्या-जुलाब झाले की तो उद्रेक म्हणून जाहीर होतो. आम्ही ठरवलं, सात जण दर जेवणाआधी साबणाने हात धुणार. धुतले. कोणीही आजारी पडलं नाही.

मायामीच्या बंदरात एका वर्षात ८२ लाखांवर क्रूझ प्रवासी येतात-जातात, हे मी वाचलं होतं. तो आकडा कसा घडतो, ते शनिवारी दुपारी दिसलं. जहाज पहाटे धक्क्याला लागतं आणि संध्याकाळी निघतं. दहा-अकरा तासांत आधीचे सहा-सात हजार उतरतात आणि तेवढेच नवे चढतात. माणशी दोन बॅगा धरल्या तर बारा-चौदा हजार बॅगा खाली, तेवढ्याच वर. २,८०५ खोल्या झाडून, पुसून, चादरी बदलून तयार. आठवड्याभराचा शिधा त्याच वेळात आत. धक्क्यावरून वर पाहिलं तेव्हा जहाज दिसलंच नाही. समोर फक्त बाल्कन्यांची भिंत होती आणि ती दोन्हीकडे नजर पोचेल तिथपर्यंत गेली होती. आई बराच वेळ मान वर करून उभ्या होत्या. मग त्यांनी नातवाचा हात धरला आणि फलाटावरून चढावं तशा चढल्या.

खोलीत सामान टाकायच्या आधी आम्ही आमचं 'मस्टर स्टेशन' गाठलं. आणीबाणीत जिथे जमायचं ती जागा. आता आधी फोनवर किंवा टीव्हीवर चित्रफीत पाहायची आणि मग स्वतः तिथे जाऊन नोंद करायची अशी पद्धत आहे. तिथल्या मुलीने आम्हाला लाइफ जॅकेट घालून दाखवलं आणि एकेकाचं कार्ड तपासलं. आईंनी तिला विचारायला लावलं, "सगळ्यांची नोंद होते का? एकूण एक?" होते, म्हणाली ती. आणीबाणीचा इशारा सात लहान भोंगे आणि एक लांब. आईंनी तो बोटांवर मोजून पाठ केला.

पहिल्या रात्री जहाज हललं ते आम्हाला कळलं नाही. पाण्याखाली तीन प्रचंड विजेचे पंखे, प्रत्येकी २० मेगावॉटचे, जहाजाला ढकलत होते. वेग २२ नॉटपर्यंत जातो, ताशी चाळीस किलोमीटर. आमच्या ग्लासातलं पाणी स्थिर होतं. आलेपाकाची डबी उघडली ती चवीसाठी.

दुसऱ्या दिवशी किनारा नव्हताच. वरच्या डेकवर, पाण्यापासून साधारण ४५ मीटर उंचीवर, आम्ही कठड्याला टेकून उभे होतो. किनाऱ्यावर उभ्या माणसाला क्षितिज साडेचार किलोमीटरवर दिसतं. इतक्या उंचीवरून ते चोवीस किलोमीटरवर जातं. चोवीस त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे अठराशे चौरस किलोमीटर. बृहन्मुंबई ६०३ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे कुलाब्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंतची आख्खी मुंबई, तीनदा, आणि त्या तीन मुंबयांत एकही घर नाही, एकही नाव नाही, पाण्याशिवाय काही नाही. मधोमध आम्ही. जहाजाचे सगळे आकडे मला आदल्या रात्रीपर्यंत अफाट वाटत होते. ते तिथे एकदम लहान झाले. मुलगी इतकी गप्प मी क्वचित पाहिली आहे.

मुलांना मात्र पाण्याच्या सहा घसरगुंड्या, सात पोहण्याचे तलाव आणि पुढच्या टोकावरचा तो काचेचा घुमट भुरळ घालत होता. घुमटाचं वजन ३६३ टन, आणि हे खरंखुरं वजन. त्याच्याखाली नाट्यगृह आणि सतरा मीटरचा धबधबा. या सगळ्यावर लिहिण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही. मुलं खूश होती. जहाजाच्या पोटात, आठव्या मजल्यावर, उघड्या आकाशाखाली एक बाग आहे, जिवंत झाडांची. आई रोज संध्याकाळी तिथे बसायच्या. समुद्राच्या मधोमध ओल्या मातीचा वास येतो, हे त्यांनी पुण्याला फोन करून बहिणीला सांगितलं.

जेवणाचं मात्र सांगायला हवं. ९,९५० माणसं, दिवसाला तीन जेवणं, म्हणजे रोज जवळजवळ तीस हजार पानं. आपल्याकडे हजार पानांचं लग्न म्हणजे घर महिनाभर हलतं. इथे रोज तीस लग्नं, सलग सात दिवस. दोन लाखांवर पानं. मधे बाजार नाही, वाण्याचं दुकान नाही, विसरलेलं मीठ आणायला कोणी धावत जाणार नाही. बुफेत आईंना रोज वरण, भात आणि एखादी भाजी मिळाली. एकादशी आली तेव्हा फळं आणि दही मिळालं. पिण्याचं पाणी कुठून येतं, हे मुलाने शोधून काढलं. या जहाजाचं नव्वद टक्क्यांहून अधिक गोडं पाणी समुद्रातूनच बनतं. लिटरमागे पस्तीस ग्रॅम मीठ असलेलं खारं पाणी हवेच्या दाबाच्या पन्नास-साठपट जोराने एका बारीक पडद्यातून दाबलं जातं. मीठ मागे राहतं, पाणी पुढे जातं. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या कोकणातल्या गावांची आठवण मला तिथे रोज झाली. त्यांच्याही समोर समुद्रच आहे.

आता त्या २,३५० जणांबद्दल, ज्यांच्याशिवाय वरचा एकही आकडा उभा राहत नाही.

आमच्या खोल्यांची व्यवस्था पाहणारा मुलगा गोव्याचा होता, सासष्टीचा. आईंनी कोकणी वळणाच्या मराठीत त्याला हाक मारली आणि तो दारातच थांबला. गोव्यात जहाजावर नोकरी करणाऱ्याला 'तारवटी' म्हणतात. त्याचे आजोबा तारवटी, वडील तारवटी, आता तो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोवा इथल्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या जगातल्या जहाजांना खलाशी, आचारी आणि वाढपी दिले. ज्या बंदरांची नावं आपण भूगोलात वाचली, ती त्या घरांमध्ये पत्रांवरच्या शिक्क्यांतून आली. तो सात महिन्यांच्या करारावर होता. त्याची मुलगी दोन वर्षांची आहे आणि तिच्या निम्म्या आयुष्यात तो घरी नव्हता.

खलाशांच्या कामाचे नियम सांगणारा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, २००६ चा. तो २०१३ मध्ये अमलात आला आणि २०१५ मध्ये भारताने त्याला मान्यता दिली. विश्रांतीच्या हिशोबाने जाणाऱ्या जहाजांवर चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे. वाचताना बरं वाटतं. पण वजाबाकी करून पाहा. आठवड्याचे तास १६८. त्यातून ७७ गेले की उरतात ९१. म्हणजे नियम पाळूनही एखाद्याकडून आठवड्याला एक्याण्णव तास काम करून घेता येतं, आणि महिनोन्‌महिने रविवार नसतो. टायटॅनिकने जगाला नौकेतल्या जागा माणसांप्रमाणे मोजायला शिकवलं. झोपेच्या तासांची मोजणी अजून अपुरी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आमच्यातल्या प्रत्येक तीन प्रवाशांमागे साधारण एक कर्मचारी होता. पण दिवसभर दिसायचे ते वाढपी, सफाईवाले, नाचणारे, गाणारे. इंजिनाजवळ, धुलाईघरात आणि भांडी घासायच्या खोलीत असलेली माणसं आम्हाला आठ दिवसांत एकदाही दिसली नाहीत. तीस हजार पानांची भांडी रोज कोणीतरी घासत होतं.

चौथ्या दिवशी सेंट किट्सचं बॅसेटेर आलं, मग सेंट थॉमस. सेंट थॉमस बेटावर माणसं बेचाळीस हजार. आमचं एकच भरलं जहाज तिथे लागलं की बेटावरच्या दर सहा माणसांमागे एक प्रवासी उतरतो, आणि बंदरात जहाज एकच नव्हतं. रस्त्यावर चालायला जागा नव्हती. तिथल्या टॅक्सीवाल्याला आमचं येणं हवं होतं, त्याच्या पोटाचा प्रश्न होता. पण पाच वाजता सगळे परत जहाजावर जेवायला गेले. व्हेनिसने १ ऑगस्ट २०२१ पासून पंचवीस हजार टनांवरच्या जहाजांना आपल्या मुख्य कालव्यांतून यायला बंदी केली. आमचं जहाज त्या मर्यादेच्या दहापट आहे.

इंधनाबाबतही मी मनाशी स्पष्ट आहे. हे जहाज द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालतं. तो उणे १६२ अंश तापमानात साठवावा लागतो. जाड काळ्या तेलापेक्षा त्याचा धूर खूपच स्वच्छ असतो. पण इंजिनात न जळता निसटलेला त्यातला मिथेन वीस वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापवतो. २०२४ साली जगभरात ३ कोटी ४६ लाख माणसं समुद्री क्रूझवर गेली. त्यात दरवर्षी नवी भर पडते आहे. याच जहाजाचं जुळं भावंड, 'स्टार ऑफ द सीज', ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालं. आम्ही गेलो, आनंद घेतला, आणि हा धूरही आमचाच आहे.

शेवटच्या रात्री आईंनी त्या गोव्याच्या मुलाच्या हातात पाकीट ठेवलं. पुण्याहून आणलेलं, नातवंडांना द्यायचं राहिलेलं झबलं त्याच्या मुलीसाठी दुसऱ्या हातात दिलं. घरी कधी जाणार, म्हणून विचारलं. "एप्रिलात, आजी." त्याने दिवससुद्धा सांगितले. मोजून ठेवले होते.

शनिवारी सकाळी सातला आम्ही रांगेत होतो. आमच्या मागे चादरींचे ढीग कॉरिडॉरमध्ये येऊन पडले होते. दुपारपर्यंत आमच्या खोल्यांत दुसरी सात माणसं असणार होती आणि तो मुलगा त्यांना त्याच आवाजात नमस्कार करणार होता.

तुम्ही पहिल्यांदा क्रूझला जाणार असाल, मुंबईहून असो की सिंगापूर-मायामीहून, तर माझं ऐका. तलाव आणि घसरगुंड्या कुठे जात नाहीत. आधी घरातल्या प्रत्येकाला आपलं मस्टर स्टेशन पाठ करायला लावा, सगळ्यात लहान पोराला आणि सगळ्यात म्हाताऱ्या माणसालाही. खोलीत लाइफ जॅकेट असतील तर ती मोजा. सात लहान भोंगे आणि एक लांब, हे लक्षात ठेवा. तुमची खोली झाडणाऱ्याचं नाव पहिल्याच दिवशी विचारा, तो कुठला ते विचारा, आणि निघताना त्याच्या हातात काहीतरी द्या.

बंदराबाहेर ऊन होतं. आईंनी सामानाच्या गाडीजवळ थांबून आमच्याकडे बोट करत मोजलं. सात गेलो होतो, सात परत आलो.